बुडबुड्यांची साक्ष

रक्ताचा थेंब पेल्यात पडला आणि पेला फसफसू लागला. खाली जाळ नाही, वर मंत्र नाही. नुसतं पाणी, तेही म्हणे सात खडकांखालच्या मठाच्या झऱ्याचं. पण पांढरा फेस असा उसळला की काठ ओलांडून प्राध्यापक सेवेरिन यांच्या बोटांवर आला. ती बोटंही बघण्यासारखी. टोकं खडूसारखी पांढरी. "पुण्याई हो, पुण्याई!" माझ्या मागे कोणीतरी पुटपुटलं.

संस्कृतिभवनात आमचं सगळं द्रेनोवा ग्लावा गाव कोंबलेलं होतं. बायकांनी छातीवर क्रूस काढला. पुरुषांनी टोप्या काढल्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढली, परत घातली आणि पुन्हा काढली, कारण एवढ्या मोठ्या चमत्काराला एकदा काढणं त्याला अपुरं वाटलं.

"हा फेस नव्हे!" प्राध्यापक गरजले. "ही रक्तातली घाण आहे, माझ्या पाण्याला बघून पळत सुटलेली! ताई, तुमच्या रक्तात एक सेनापती राहतो. विज्ञान त्याला रोगप्रतिकारक एन्झाइम म्हणतं. तो सेनापती झोपलाय! कोणी झोपवला?"

"कोणी?" गावाने विचारलं.

"गोळ्यांनी! फेका त्या गोळ्या, प्या माझे थेंब, आणि सेनापती असा उठेल की कॅन्सरला पळता भुई थोडी होईल!"

आता आमच्या लोकांना बुडबुड्यांनी का भुरळ घातली, ते सांगायला हवं. तिमोक नदीच्या खोऱ्यात अशी एकही बाग नाही जिच्यात आलुबुखार पिकत नाही, आणि असं एकही घर नाही जिथे त्याची राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळत नाहीत. राकिया अस्सल की पाणचट, हे आम्ही चाखून ठरवत नाही. बाटली तळहातावर आपटायची आणि गळ्याशी बघायचं. बारीक मण्यांची माळ धरली आणि टिकली तर माल खरा. सोयरीक जुळवायला आलेल्या व्याह्याचीही आधी बाटली हलवून बघतात, मग मुलगा. आमचा माणूस बापाच्या शब्दावर शंका घेईल, बुडबुड्याच्या शब्दावर नाही.

हे प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी हेरलं. गुत्तेवाल्या टोझाची बाटली मागवून त्यांनी सगळ्यांसमोर हलवली आणि म्हणाले, "तुम्हाला बुडबुडे वाचता येतात. शहरातल्या डॉक्टरांना येतात का?"

"नाही!" गाव ओरडलं. छाती अशी फुगली की भवनातली हवा कमी पडली.

"मी बुडबुडेच वाचतो. फक्त रक्ताचे."

झालं. टोझाने टेबलावर मूठ आपटली. "बुडबुडा खोटं बोलत नाही!"

आणि तो पहिला थेंब ज्या बोटाचा होता, ते बोट माझ्या पुतणीचं, विदाचं.

विदा आमच्या गावची टपालवाली. मोटरसायकलवरून डोंगर चढते, पेन्शन वाटते, आणि कोणाच्या सुनेने कोणाला काय लिहिलं हे पाकीट न उघडता ओळखते. तीन वर्षांपूर्वी तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी नको तितक्या वाढलेल्या सापडल्या. रक्ताचा कॅन्सर, पण सावकाश चालणारा. शहरातल्या डॉक्टरांनी एक गोळी दिली. रोज घ्यायची, चुकवायची नाही. गोळी चालू आणि मोटरसायकलही चालू. ती गोळी आता बंद होणार होती.

माझ्याबद्दलही दोन शब्द. मी मिलोये, वय विचारू नका, खरं सांगायची सवय नाही. आमच्या गावच्या संताच्या उत्सवात जेवणं झाल्यावर थापाड्यांची स्पर्धा होते. तिथला वेताचा सोटा मी इतक्यांदा जिंकलाय की पंचांनी मला हात जोडून विनवलंय, काका, एखाद्या वर्षी आजारी तरी पडा. माझ्या राकियाचा थेंब एकदा गोगलगाईवर पडला आणि ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात लग्नात भांडण काढताना सापडली, ही थाप माझीच. सांगायचा मुद्दा असा की मी या धंद्यातला माणूस आहे. आणि भवनात त्या दिवशी प्राध्यापकांची पहिली पाच वाक्यं ऐकूनच मला कळलं की समोर धंदेबंधू उभा आहे. फरक एवढाच की मी फुकट बोलतो.

दोन आठवड्यांनी मी विदाकडे गेलो. तिची सासू स्टान्का चुलीवर लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती. विदा टेबलाशी बसलेली. पुढ्यात गोळ्यांचा डबा, शेजारी प्राध्यापकांची थेंबांची बाटली.

"या, व्याहीबुवा," स्टान्का म्हणाली. "बसा. पण तिच्या डोक्यात काही भरवू नका."

"विहीणबाई, ती हातचलाखी आहे."

स्टान्का इतकी हसली की चिमट्यातली मिरची जाळात पडली. "या वर्षीची थाप हीच का? छान आहे हो! गोगलगाईपेक्षा छान!"

"अहो, मी खरं बोलतोय."

"तसंच म्हणता दरवर्षी. तोंड असं लांब करून."

घ्या. आयुष्यभर पेरलं ते उगवलं. मी विदाकडे वळलो. "गोळी घेतलीस का आज?"

विदाने डब्याचं झाकण फिरवलं.

"काल?"

"रोज हातात घेते, काका. आणि परत ठेवते."

"अगं, पण का? तू बरी आहेस ना गोळीवर?"

"बरी आहे म्हणूनच!" ती भडकली. "सकाळी डोळ्यांखाली सूज. गाडीला लाथ मारायची तर पोटरीत पेटका. आणि दुखणं काहीच नाही! काका, दिवसभर मी विसरलेली असते. ती गोळीच मला आठवण करून देते की तू बरी नाहीस. आणि हे किती दिवस? मरेपर्यंत? तो माणूस म्हणतो, उत्सवाला पुन्हा तपासू. फेस आला नाही की डबा विहिरीत टाकायचा आणि मोकळं व्हायचं. मोकळं व्हावंसं वाटू नये का मला?"

मी गोळ्यांचा डबा तिच्याकडे सरकवला. थाप मारायला शंभर सुचतात, खऱ्याला एक सुचत नाही.

"चौघींचा फेस गेला, डोळ्यांनी बघितलंय मी," स्टान्का म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "माझा एकच मुलगा, त्याची ही एकच बायको. मी काय तिच्या वाईटावर आहे?"

नव्हती हो. तेच तर वाईट. ठगाला ठगांची गरज नसते, त्याला प्रेमळ माणसं पुरतात.

मी तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टर येलित्सा आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येते. वयाने विदाएवढीच, बोलायला औषधाच्या डब्यातल्या कागदासारखी. सगळं खरं, आणि कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

"त्या प्राध्यापकापासून जपा, अशी सूचना लावली होती मी, मिलोयेकाका," ती म्हणाली. "दारावर. तिच्यावर कोणीतरी मांजर हरवल्याचा कागद चिकटवला."

"मांजर सापडलं का?"

"ताबडतोब. काका, त्याच्या बोटांची टोकं पांढरी आहेत का?"

"खडूसारखी. लोक म्हणतात पुण्याई."

"केस पिंगट करायचं पाणी आहे ते. हायड्रोजन पेरॉक्साइड, चांगलं कडक. कातडीला लागलं की पांढरं पाडतं." तिने कपाटातून जखमा धुवायची एक बाटली काढली. ती सौम्य, पण जात तीच. कोणा पेशंटने दिलेल्या पिशवीतून एक कच्चा बटाटा घेतला, चिरला, वर चार थेंब टाकले. बटाट्याला फेस आला.

मी टोपी काढली. सवय.

"बटाट्याला कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाली. "जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीत एक एन्झाइम असतं, पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू करून टाकणारं. तो प्राणवायू बुडबुडे होऊन निघतो. रक्तात ते भरपूर असतं. विदाच्या, तुमच्या, माझ्या, पाद्रीबाबांच्या. त्याचा कॅन्सरशी संबंध नाही."

"मग ज्यांचा फेस गेला त्या चौघी?"

"दुसऱ्या वेळी पेल्यात साधं पाणी असणार. पहिल्या तपासणीनंतर तो पाण्याचा जग पडद्यामागे नेतो ना?"

नेतो खरा. मी रंगमंचावरचा इतका जुना माणूस, पण त्या पाण्याच्या जगाकडे बघितलं नव्हतं. त्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. व्यावसायिक असूया, दुसरं काय.

"आणि तो सेनापती? झोपलेलं एन्झाइम? तेही खोटं?"

इथे डॉक्टरने स्टूल पुढे ओढलं. तिचा चेहरा बदलला. "हीच तर लबाडी आहे, काका. ते अर्धं खरं आहे. रोगाशी लढणाऱ्या काही पेशींत असं एक एन्झाइम असतं. नवा जंतू शरीरात आला की त्याला बसेल असं नवं हत्यार लागतं. हत्याराची कृती पेशीत अक्षरांनी लिहिलेली असते. हे एन्झाइम ती अक्षरं बदलत सुटतं. इथे एक, तिथे एक, कसंही. हजार हत्यारं फुकट जातात, एक नेमकं बसतं."

"म्हणजे मूळ मजकूर बदलून सांगतं."

"हो."

"थापाड्या आहे!"

डॉक्टर पहिल्यांदा हसली. "अगदी तुमच्यासारखा. उत्सवाच्या मंचावर उभा असेल तोवर गावाचं भलं. पण समजा तोच थापाड्या जमिनीच्या कचेरीत घुसला आणि सातबारावर खाडाखोड करू लागला तर? या एन्झाइमने भलत्या पानावर अक्षरं बदलली की रक्ताचे काही कॅन्सर त्यातून उभे राहतात. आणि विदाच्या आजारात तर फारच जपावं लागतं. गोळी रोगट पेशींना दाबून ठेवते. गोळी सोडली, आजार मोकाट सुटला, की काही रुग्णांत हा थापाड्या नेमका रोगट पेशींत जागा होतो. तिथे खाडाखोड करतो. सावकाश चालणारा आजार मग धावू लागतो. आणि कधी कधी अशी अक्षरं बदलतो की नंतर गोळी सुरू केली तरी लागू पडत नाही."

"आणि हा बाबा त्यालाच उठवायला निघालाय!"

"त्याच्या थेंबांनी तो उठणार नाही, काळजी नको. त्यात खरंच एन्झाइम असलं तरी, एन्झाइम गिळलं काय आणि अंडं गिळलं काय, पोट दोन्ही पचवून टाकतं. विदाला धोका थेंबांचा नाही, बंद केलेल्या गोळीचा आहे. अजून वेळ गेलेली नाही. पण फार नाही."

"तूच सांग ना तिला हे."

"सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरबाई, तुम्ही बुडबुडे वाचता का?"

मी तो बटाटा उचलून हातात फिरवला. मग मी म्हणालो, "पोरी, खरं नागडं फिरलं की लोक दार लावून घेतात. त्याला माझा कोट चढवू या. उत्सवाला ये. बटाटे घेऊन ये."

"तुम्ही लबाडी करणार?"

"थोडी."

"मग एका अटीवर. शेवटी सगळं उघड करून दाखवायचं. कसं केलं, का झालं, सगळं. नाहीतर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?"

पोरगी हुशार होती. माझ्या धंद्याचा पहिला नियम तिने न शिकवता सांगितला.

उत्सवाच्या दिवशी चर्चच्या अंगणात पहाटेपासून मेंढा सळईवर फिरत होता. मेंढा माझ्याच गोठ्यातला. या वर्षी मेंढा द्यायची पाळी आमच्या घराची. टेबलं मांडली, पाद्रीबाबांनी पाव आणि वाइन आशीर्वादली, आणि पहिला वाटा मानाचा म्हणून प्राध्यापक सेवेरिन यांना गेला. त्यांनी तो बोटं चाटून खाल्ला. "काय मांस आहे! काय निरोगी जनावर असेल!" असं दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा वाकून आभार मानले.

मग प्राध्यापक मंचावर चढले. मागे निळा पडदा, पुढे टेबल, टेबलावर जग आणि पेले. पांढऱ्या डगल्यावर एका खिशावर क्रूस भरतकाम केलेला, दुसऱ्यावर डीएनएची पीळदार शिडी, म्हणजे विज्ञान. देव एका खिशात आणि विज्ञान दुसऱ्यात. जो खिसा लागेल त्यात हात.

जे रुग्ण अंथरुणावरून उठू शकत नाहीत, त्यांचं रक्त कापसावर आणलं तरी चालतं, ही सोय त्यांनी स्वतःच केली होती. दयाळू माणूस, दुरूनही पैसे घेत असे. मी कापूस घेऊन पुढे झालो.

"कोणाचं रक्त, आजोबा?"

"पाहुण्याचं. आमच्याकडे वस्तीला होता. अंगाने दणकट, केस कुरळे, स्वभाव जरा आडमुठा."

"संसार?"

"लग्न नाही केलं. पोरं मात्र बरीच."

अंगणात खसखस पिकली. प्राध्यापकांनी भुवई उंचावून ती दाबली. "आहार?"

"शुद्ध शाकाहारी. दारूला शिवला नाही कधी."

"आणि त्रास काय होतो?"

"पहाटे मानेत एकदम कळ आली. तेव्हापासून बोलत नाही."

कापूस पेल्यात पडला. फेस असा उठला की पेला दिसेना. प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. "अरेरे! शेवटची पायरी! एन्झाइम गाढ झोपेत! आजोबा, हा माणूस फार काळजी करत असणार."

"करायचा. आता नाही करत."

"सहा बाटल्या! आजच्या आज! वाचवायचा असेल तर एक क्षण घालवू नका!"

"उशीर झाला हो, प्राध्यापक," मी म्हणालो. "तो तुमच्या ताटात आहे."

आधी कोणालाच कळलं नाही. मग टोझाने सळईवरच्या सांगाड्याकडे बघितलं आणि हसायला लागला. त्याच्या हसण्याने अंगण पेटलं.

पण धंदेबंधू कसलेला होता. हात वर करून तो ओरडला, "हसता काय? जनावरांना कॅन्सर होत नाही का? तुम्ही आता काय खाल्लंत, विचार करा!"

हसू थांबलं. दोघा-तिघांनी ताटं लांब सारली. एकाने तर तोंडातला घास बाहेर काढला.

मी खिशातून बटाटा काढला. "आणि याला?"

फोड पेल्यात टाकली. फेस आला.

"माती!" प्राध्यापकांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "तुमची मातीच विषारी झाली आहे! म्हणूनच तर मी इथे आलो!"

आणि सांगायला लाज वाटते, लोकांनी माना हलवल्या. बटाट्याला रक्ताचा कॅन्सर झाला हे माझ्या गावाने मान्य केलं, पण प्राध्यापक चुकला हे मान्य करवेना. खोट्याचं असंच असतं. त्याला उत्तरांची टंचाई कधी पडत नाही. टंचाई खऱ्याला.

तेवढ्यात विदा मंचावर आली. एका हातात गोळ्यांचा डबा. विहीर दहा पावलांवर, झाकण उघडूनच ठेवलेलं.

"माझी पाळी," ती म्हणाली.

"या, ताई! आज तुमची सुटका!" प्राध्यापकांनी जग उचलला आणि पडद्याकडे वळले. "ताजं पाणी आणतो."

"ताजं कशाला?"

"नियम आहे. शुद्ध रक्ताला शुद्ध पाणी."

"जगात अजून अर्धं शिल्लक आहे," विदा म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण मी तिला पाळण्यापासून ओळखतो. पत्ता चुकीचा असला की ती पाकीट जशी उलटून बघते, तशी ती त्या जगाकडे बघत होती. "मेंढ्याचं ज्यात बघितलंत, त्यातच बघा माझं."

"ताई, असं चालत नाही..."

"का चालत नाही? मी तुमच्या शब्दावर गोळी सोडली. तुम्ही माझ्या शब्दावर पाणी नाही सोडणार?"

ती थांबली नाहीच. त्यांच्या टेबलावरची सुई बोटात टोचली, जगातलं पाणी पेल्यात ओतलं आणि थेंब टाकला.

फेस आला. पहिल्या दिवसाइतकाच.

विदाचं तोंड उतरलं. सगळं कळत असूनही आत कुठेतरी एक आशा उरली होती, ती त्या क्षणी गेली. मी ती जाताना बघितली.

"चोरून गोळी घेतलीस!" प्राध्यापकांनी बोट रोखलं. "माझ्या उपचारात पाप कालवलंस!"

"नाही घेतली," विदा म्हणाली. "हाच तर घोळ आहे, नाही घेतली." तिने पेला त्यांच्यापुढे सरकवला. "आता तुमचा अंगठा."

"मी निरोगी आहे!"

"मग फेस येणारच नाही."

"मी वैद्य आहे, रुग्ण नाही! माझं रक्त असं उघड्यावर..."

तेव्हा बाकांच्या रांगेतून स्टान्का उठली. मिरच्या भाजून भाजून तिचे हात असे झालेत की निखारा उचलते आणि उगीच सॉरी म्हणते, निखाऱ्याला. डोक्याच्या रुमालाची टाचणी काढत ती मंचावर चढली आणि तिने प्राध्यापकांचं मनगट धरलं.

"हात द्या बघू."

"बाई, सोडा!"

"माझी सून सोडलीत का तुम्ही?"

टाचणी लागली. थेंब पडला. पेला असा उसळला की फेस टेबलावरून खाली त्यांच्या चकचकीत बुटांवर आला.

स्टान्काने फेस नीट वाचला. मग गावाकडे वळली. "एन्झाइम झोपलंय याचं," ती म्हणाली. "आणि लाजही."

त्यानंतर डॉक्टर येलित्सा वर आली. तिने पडदा बाजूला केला. मागे हुबेहूब तसाच दुसरा जग, नळाच्या पाण्याने भरलेला, आणि खाली केस पिंगट करायच्या पाण्याच्या बाटल्या. नळाच्या पाण्यात तिने मेंढ्याच्या रक्ताचा कापूस टाकला. बुडबुडासुद्धा नाही. "बघा, मेंढा बरा झाला," ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच वाटलं नव्हतं इतकं गाव हसलं. मग तिने ऐकवलं: फेस कशाचा, तो प्रत्येकाच्या रक्ताला का येतो, विदाची गोळी काय करते, आणि मजकूर बदलणारं ते एन्झाइम भलत्या पेशीत शिरलं तर काय होतं. थापाड्या आणि सातबाराची उपमा तिने माझ्याकडे बोट दाखवून दिली. या वेळी गावाने शेवटपर्यंत ऐकलं. नंतर पेल्यापुढे रांग लागली. पाद्रीबाबांना फेस, शाळेतल्या पोरांना फेस, टोझाला फेस.

"पण बुडबुडा खोटं कसं बोलला?" टोझाने रडवेल्या आवाजात विचारलं. त्याचा धर्मच बुडाला होता.

"बुडबुडा काहीच बोलला नाही रे. बोलला तो माणूस," मी म्हणालो. "साबणाची चिमूट टाकली की पाणचट राकियालाही मण्यांची माळ धरते. तू का लाल होतोस?"

कारण त्याला ठाऊक होतं. त्याच्याकडे आता तिघांनी वळून बघितलं, पण ते भांडण वेगळं.

फौजदार तालुक्याहून येईपर्यंत प्राध्यापकांना मंचावरच बसवून ठेवलं. टोझाने त्यांचे थेंब चाखले. बिटाचा रस, आणि त्यात त्याचीच गेल्या वर्षीची राकिया, पाणी घातलेली. फौजदार आला, त्याने आधी स्वतःचं बोट टोचून थेंब पेल्यात टाकून बघितला, मगच बेड्या काढल्या.

पंचांपैकी कोणीतरी म्हणालं, या वर्षीचा सोटा यालाच द्या, एवढी मोठी थाप कोणी मारली नाही. मी हरकत घेतली. आमच्या स्पर्धेला एकच नियम आहे: ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की ही थाप आहे. तेवढं कळलं तर ती गंमत. नाही कळलं तर ती दरोडेखोरी. प्राध्यापक बाद. मेंढ्याच्या कापसाबद्दल सोटा मलाच मिळाला, आणि मेंढ्याचं कातडं आपला वाटा म्हणून डॉक्टरने घेतलं.

आणि विदा? हा सगळा गोंधळ चालू असताना ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. डबा उघडला. गोळी तळहातावर घेतली, तिच्याकडे बराच वेळ बघितलं. स्टान्का पाण्याचा पेला घेऊन तिच्याजवळ गेली. पेल्याचा वास आधी स्वतः घेतला, मग दिला.

"फक्त पाणी आहे," ती म्हणाली.

विदाने गोळी गिळली.

ती बरी झाली असं मी तुम्हाला सांगणार नाही. शहरातल्या तपासणीत आजाराने जरा डोकं वर काढलेलं दिसलं. गोळीने ते पुन्हा खाली दाबलं. डोळ्यांखाली सूज येते, पोटरीत पेटके येतात, आणि रोज सकाळी ती त्या गोळीला अशा शिव्या देते की पाद्रीबाबांना ऐकवता येणार नाहीत. मग गोळी घेते, गाडीला लाथ मारते आणि टपाल वाटत डोंगर चढते. पेटक्यांवरही काही करता येईल म्हणून डॉक्टर येलित्सा तिच्याशी बोलते. आजकाल ती जरा कमी कागदासारखी बोलते.

तुम्ही म्हणाल, म्हातारा जन्माचा थापाड्या, याचं काय खरं मानायचं? बरोबर आहे. मानूच नका. औषधाच्या दुकानातून जखमा धुवायचं पेरॉक्साइड आणा, कच्चा बटाटा चिरा, थेंब टाका आणि बघा. मी म्हणतो म्हणून नाही, डॉक्टर म्हणते म्हणूनही नाही. तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या हाताने. खरं असतं त्याला तपासलेलं चालतं, पुन्हा तपासलेलंही चालतं, आणि त्याला पडदा लागत नाही.

आणि उद्या तुमच्या गावात कोणी आला, रक्त उकळवून दाखवू लागला, चालू औषध विहिरीत टाकायला सांगू लागला, तर टोपी डोक्यावरच राहू द्या. भांडू नका, ओरडू नका. फक्त एवढं करा: पाण्याचा जग बदलू देऊ नका, आणि त्याच पेल्यात त्याचा अंगठा मागा.